पोती उतरल्यावरची थरथर

बाबा,

तेराव्याला आलेल्या लोकांनी तुम्ही किती शांत स्वभावाचे होतात ते मला सांगितलं. एकाने नाही, बऱ्याच जणांनी. मी आणि आई एकमेकींकडे बघत राहिलो. शेवटी यादवजींना राहवलं नाही. वाहन कारखान्यात तुमच्या बरोबरीने टेस्ट ड्रायव्हर म्हणून उभी नोकरी केलेला माणूस, तो हे कसं ऐकून घेणार? म्हणाले, "कौन शांत? वसंत? अरे, ये चिल्लाता था तो ट्रक का हॉर्न सुनाई नहीं देता था." आईने पदर तोंडाला लावला आणि हसली. तुम्ही गेल्यापासून ती पहिल्यांदा हसली, तेही तुमच्या आरडाओरड्यावरच.

मला तुमच्याशी भांडायचं आहे, म्हणून हे लिहितेय. दवाखान्यात त्या संध्याकाळी मी डबा घेऊन आले होते. तुम्ही थोडा वरणभात खाल्लात, डबा बाजूला सारलात आणि माझ्या हातांकडे पाहत राहिलात. नखांत ग्रीस होतं. कितीही घासलं तरी ते जात नाही, हे तुमच्याइतकं कोणाला माहीत? तरी तुम्ही म्हणालात, "पोरी, तुझं शिक्षण आमच्या गल्लीत वाया गेलं."

मी म्हटलं, "असं काहून म्हणता बाबा? मी तर..."

तेवढ्यात नर्स सलाईन बदलायला आली आणि तिने मला बाहेर काढलं. परत आत आले तेव्हा तुमचा डोळा लागला होता. त्यानंतर तुम्ही बोललात ते पाण्याबद्दल आणि निखिलच्या मोटरसायकलच्या ढिल्या चेनबद्दल. माझं वाक्य तिथेच अर्धं राहिलं. ते पूर्ण केल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

सासरा-सून म्हणून आपली ओळखच परीक्षेने झाली होती. तुम्ही सगळे निखिलसाठी मला बघायला पांढुर्ण्याला आला होतात. माझे वडील मंडीत संत्र्याच्या पेट्या भरायचं काम करतात. त्या दिवशी ते इस्त्रीचा सदरा घालून दारातच उभे होते, बसायला तयार नव्हते. माझ्या आत्याने स्वयंपाकाबद्दल विचारतील म्हणून मला भाज्यांची नावं पाठ करून घेतली होती. तुम्ही पोह्यांची प्लेट हातात धरून विचारलंत, "जीपमध्ये गिअरबॉक्स असतोच. मग त्याच्या मागे आणखी ट्रान्सफर केस काहून लावतात?"

 आत्या माझ्याकडे बघतेय, मी तुमच्याकडे. मग मी सांगितलं की चारही चाकांना जोर द्यायचा तर तो पुढे-मागे वाटून द्यायला लागतो, आणि चिखलातून हळू पण ताकदीने निघायचं तर गिअर आणखी खाली उतरवावा लागतो. तुम्ही मान हलवलीत आणि निखिलला म्हणालात, "मला पसंत आहे. तुझं तू बघ."

तुम्ही गेल्यावर माझ्या वडिलांनी विचारलं, "त्याईनं काय इचारलं तुले?" मी सांगितलं. "अन् तुले आलं?" म्हटलं, आलं. त्यांना त्यातलं अक्षर कळलं नव्हतं. आमच्या घरात कॉलेज माझ्यापासून सुरू झालं. मी जबलपूरला राहून मेकॅनिकल केलं म्हणजे नेमकं काय केलं, हे त्यांना कधी समजावता आलं नाही. मला शिक्षणातला प्रश्न कोणीतरी विचारला आणि तो त्यांच्यासमोर विचारला, असं त्या दिवशी पहिल्यांदा झालं. बाबा, तुमचे उपकार तिथून सुरू होतात.

लग्नानंतर मी जबलपूरच्या गढा भागात, तुमच्या घरी आले. निवृत्त झाल्यावर तुम्ही घराच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गॅरेज काढलं होतं. निखिल रेल्वेत, त्याला गाडीतलं फक्त पेट्रोल कळतं. मी नोकरीसाठी अर्ज करत होते आणि मधल्या वेळात तुमच्या शेडमध्ये येऊन उभी राहायची. मग पाना द्यायला लागले. मग एक दिवस तुम्ही गाडीखालून ओरडलात, "उभी काहून आहे? आत ये!" आणि मी साडीवर तुमचा जुना खाकी शर्ट घालून आत शिरले. गल्लीत पुष्कळ दिवस तोच विषय होता. शेजारच्या मावशींनी आईला विचारलं, "बहू नीचे लेटती है गाड़ी के?" आई म्हणाली, "हाँ, और मैं ऊपर चाय बनाती हूँ."

गॅरेजात तुम्ही कारखान्यातले दोन नियम जसेच्या तसे आणले होते. एक, ज्याने काम केलं त्याने त्या गाडीची टेस्ट करायची नाही. त्याच्या मनात गाडी आधीच पास झालेली असते, असं तुम्ही म्हणायचे. दुसरा नियम पोत्यांचा. कारखान्यात ट्रक ट्रॅकवर जायचा तो वाळूची पोती भरूनच. रिकामा ट्रक चालवून काय कळतं, तो तर कसाही चालतो! म्हणून आपल्या शेडच्या कोपऱ्यात वाळूची पोती रचलेली असायची, आईने दाभणाने तोंडं शिवलेली. गिऱ्हाइकाची जीप असो की पिकअप, पोती चढल्याशिवाय तुम्ही चावी फिरवत नव्हतात. तुम्ही नापास केलेल्या ट्रकांमुळे कारखान्यात तुमचं नावच फेल साहब पडलं होतं आणि ते नाव तुम्ही पदवीसारखं मिरवत होतात.

आणि मग डॉक्टर मिश्रांची जीप आली.

डॉक्टर मिश्रा जनावरांचे डॉक्टर. तरुण, सडसडीत, बोलणं इतकं हळू की तुम्ही त्यांना दर वाक्याला "क्या?" विचारायचे. बरगीच्या पलीकडच्या गावांत ते एकटेच जीप घेऊन जायचे. नाल्यांमधले दगड जीपच्या पोटाला लागत होते म्हणून त्यांना ती उंच करून हवी होती. तुम्ही साफ नाही म्हणालात. "ज्यानं गाडी बनवली त्यानं उंची मोजूनच देली ना? आपण कोण वाढवणारे?" मी म्हटलं, "बाबा, ज्यानं बनवली त्यानं तो नाला पाहिला नाही." तुम्ही चष्म्यावरून बघितलंत. "मग तू कर. तुझी गाडी."

ती खरोखर माझी गाडी होती. सुरुवातीपासून शेवटपर्यंत मी केलेलं पहिलं मोठं काम. चाकांवरच्या पाट्यांच्या स्प्रिंगांत, म्हणजे कमानींमध्ये, एकेक पाटा वाढवला, आणि मागच्या बाजूला कमानीचं टोक चासीला ज्या लोखंडी दुव्याने टांगलेलं असतं, तो शॅकल लांबीला जास्त घातला. जीप उभी राहिली ती छाती काढून. डॉक्टर खुश, मी खुश. तुम्ही पोती चढवलीत, तिलवाऱ्याच्या पुलापलीकडे फेरी मारून आलात आणि कुरकुरत म्हणालात, "पास."

आठवड्याच्या आत डॉक्टर परत. साठच्या पुढे गेलं की गाडी थरथरते. स्टिअरिंग नाही, खालून, सीटखालून. तुम्ही त्यांना बसवून सगळं विचारलंत, मला शिकवलं होतंत अगदी तसं. स्टिअरिंग हलत असेल तर पुढची चाकं बघा. खालून थरथर असेल तर मागे बघा. त्याच वेगात गिअर बदलूनही थरथर तशीच राहिली तर इंजिनाचा दोष नाही, चाकांबरोबर जे फिरतं त्याचा आहे. मी चाकं तपासली, बॅलन्स करून आणली. तुम्ही पोती चढवून गेलात, आलात. "काही नाही. लोण्यासारखी चालते."

डॉक्टर गेले आणि पुन्हा आले. या वेळी चेहरा उतरलेला. "बाबूजी, मैं झूठ क्यों बोलूँगा?"

तुम्ही म्हणालात, "डॉक्टर साब, गाड़ी ठीक है. आप ही थोड़ा हिल रहे हैं. खाना-पीना ठीक रखिए."

तुमची मस्करी होती, पण त्यांना लागलं. ते माझ्याकडे वळून अगदी नम्रपणे म्हणाले की पावसाच्या आधी लसीकरणाचा दौरा आहे, तोपर्यंत जमलं नाही तर ते दुसरीकडे जाऊन जुन्या कमानी परत लावून घेतील.  पहिलंच काम उलटं फिरलं असतं तर त्यानंतर या गल्लीत माझ्या हातात पाना कोण राहू देणार होतं? पांढुर्ण्याहून वडील फोनवर विचारत होते, शाळेत मास्तरीणबाईची जागा निघाली आहे, भरतेस का. त्यांचं बरोबर होतं. त्यांना मास्तरीणबाई म्हणजे काय ते माहीत होतं.

यादवजी त्या दिवशी चहाला आले होते. त्यांनी आगीत तेल ओतलं. "बहू की गाड़ी है न वसंत. फेल कैसे करोगे?"

तुमचा चेहरा मला अजून दिसतो. लाडापोटी तुम्ही गाडी पास केलीत असं कोणी म्हणावं, याहून मोठा अपमान तुमच्यासाठी नव्हता. तुम्ही उठलात आणि शेडमधली होती नव्हती ती सगळी पोती जीपमध्ये भरलीत. कमानी दबून सपाट झाल्या. यादवजींना शेजारी बसवून तुम्ही जीप काढलीत. परत आलात तेव्हा यादवजींनीही हात वर केले. "भाई, मक्खन है."

जितकी पोती जास्त, तितकी गाडी गुळगुळीत. हे तुमच्या डोळ्यांसमोर होतं, माझ्याही. पण पोती म्हणजे आपल्या गॅरेजात हवेसारखी. त्यांच्याकडे कोण बघतं?

दुसऱ्या दिवशी डॉक्टर चावी घ्यायला आले तेव्हा तुम्ही बँकेत गेला होतात. मी त्यांना म्हटलं, मला तुमच्या शेजारी बसवून एक फेरी मारा. नियम मोडत नव्हते, चालवणार तेच होते. पण परक्या माणसाबरोबर एकटी कशी जाणार, म्हणून आई भाजीची पिशवी घेऊन मागे चढली. पोती उतरवलेली होती, कारण डॉक्टर गाडी घेऊन घरी जाणार होते. तिलवाऱ्याचा पूल ओलांडला, रस्ता मोकळा झाला, काटा साठच्या पुढे सरकला आणि मागून आई म्हणाली, "काय वं हे? माझ्या पायाला मुंग्या येऊन राहिल्या."

मी मागे वळले. आईच्या पिशवीतली कोथिंबीर थरथरत होती.

 डॉक्टरांनी फक्त माझ्याकडे बघितलं, आणि मला इतकी लाज वाटली की सांगता येत नाही. खरं बोलणाऱ्या माणसाला आपण किती दिवस खोटं ठरवत होतो! पण लाजेच्या मागोमाग डोक्यात उजेडही पडला. कॉलेजात प्रोपेलर शाफ्टवर एक धडा होता. गाडीच्या पोटाखालून मागच्या चाकांकडे जोर नेणारा हा फिरता दांडा. त्याच्या दोन्ही टोकांना वळणारे सांधे असतात, गॅरेजात त्यांना क्रॉस म्हणतात. दोन्ही सांधे सारखे वाकलेले असले तर एकाचा झटका दुसरा खाऊन टाकतो. एक जास्त वाकला, दुसरा कमी, तर झटका उरतो, आणि दांडा जितका तिरका तितका झटका मोठा. मी शॅकल लांब घातला होता, त्याने मागच्या धुरीवरच्या गोळ्याचं, म्हणजे डिफरन्शियलचं, नाक वर उचललं गेलं होतं. पोती चढली की कमानी दबत, दांडा आडवा होई आणि थरथर जिरून जाई. पोती उतरली की दांडा पुन्हा तिरका.

डॉक्टर एकटे फिरतात. त्यांची गाडी रिकामीच धावते. आणि आपण तिला दर वेळी भरून ऐकत होतो.

हे आता तुम्हाला सांगायचं कसं? फेल साहबना सांगायचं की तुम्ही ज्या पद्धतीने आयुष्यभर ट्रक पारखले, तीच पद्धत या जीपचा आजार लपवते आहे? आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "सांगू नको. बसवून दाखव."

दुपारी मी म्हटलं, "बाबा, आज तुम्ही मागे बसा. गाडी डॉक्टर चालवतील." तुम्हाला आश्चर्य वाटलं, पण बसलात. पोती मी पुन्हा भरून ठेवली होती. पुलापलीकडे डॉक्टरांनी वेग घेतला. तुम्ही मागून ओरडलात, "देखा? मक्खन!" मी गाडी रस्त्याच्या कडेला थांबवायला सांगितली, खाली उतरले आणि पोती उतरवायला लागले.

"काय करून राहिली?"

"थोडी उतरवते, बाबा."

पुन्हा निघालो. आता तुम्ही पुढे वाकून ऐकत होतात. फेरी मारून तिथेच आलो, पुन्हा थांबवली, पुन्हा पोती. या वेळी तुम्ही स्वतः उतरलात आणि दुसऱ्या बाजूने पोतं उचललंत. मी नको म्हटलं तर माझ्यावर खेकसलात. गाडी रिकामी झाली. तुम्ही मागच्या बाकावर चपला काढून बसलात, दोन्ही पाय पत्र्यावर टेकवून, डोळे मिटून. साठच्या पुढे काटा गेला. मी आरशात तुमच्याकडे बघत होते. तुमचा हात हळूच बाकाच्या दांडीवर आला आणि तिथेच राहिला.

परत आलो तेव्हा तुम्ही रस्त्याच्या कडेच्या पोत्यांवर बसलात. बाजूने ट्रक जात होते, आणि प्रत्येक ट्रककडे तुम्ही मान वळवून बघत होतात. मला वाटलं आता तुम्ही चिडणार, किंवा वाईट म्हणजे गप्प होणार. डॉक्टरांनी पाण्याची बाटली पुढे केली. तुम्ही प्यायलात, बाटली परत दिलीत आणि हात जोडलेत. "माफ करना डॉक्टर साब. आप नहीं हिल रहे थे."

मग माझ्याकडे बघून म्हणालात, "चल. मोज."

त्यानंतरचे दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस आहेत, बाबा. आपण आधी खात्री केली. मागचा शाफ्टच उतरवून ठेवला आणि जीप नुसत्या पुढच्या चाकांच्या जोरावर चालवून आणली. थरथर नाही. म्हणजे गुन्हेगार पकडला. मग मी कोन मोजायला गाडी जॅकवर चढवत होते, तर तुम्ही पाना आपटलात. "लटकलेल्या गाडीचं काय मोजतेस? ती काय अशी लटकून धावते?" मला ते सुचलं नव्हतं. चाकं जमिनीवर, गाडी स्वतःच्या वजनावर उभी, तेव्हाचाच कोन खरा. शेडची जमीन उताराची, म्हणून आपण जीप समोरच्या शाळेच्या सिमेंटच्या अंगणात नेली आणि तुम्ही पाण्याची नळी धरून जमीन सपाट आहे का ते बघितलंत. मी गाडीखाली झोपून कोन वाचत होते, तुम्ही वर उभे राहून ते मोठ्याने पुन्हा म्हणत होतात, आणि शाळेला सुटी असूनही चौकीदारासकट निम्मी गल्ली ऐकायला जमली होती.

दोन्ही टोकांत चांगलाच फरक निघाला. उपाय पाचरीचा. कमान आणि धुरी यांच्यामध्ये लोखंडाची निमुळती पाचर घालायची, म्हणजे गोळ्याचं नाक पुन्हा खाली येतं आणि दोन्ही सांधे सारखे वाकतात. पाचरी तुम्ही स्वतः कानशीने घासल्यात. मी म्हटलं, लेथवर करून आणू. म्हणालात, "लेथले काय माहीत डॉक्टर कोण आहे?"

आणि इथे आपलं पुन्हा जुंपलं. रिकामी जीप आता शांत झाली होती. माझ्या मते काम संपलं. तुम्ही म्हणालात, आता पोती चढव. मी म्हटलं, बाबा, पुन्हा पोती? तुम्ही म्हणालात, "डॉक्टर एकटा जातो हे तुझं बरोबर. पण वापस येताना कोणाचं आजारी वासरू घालून आणणार नाही का? दोन माणसं धरून बसणार नाहीत का?" पोती चढवली. खूप भरल्यावर बारीकशी गुरगुर आली. शेवटी मी शॅकल थोडा आखूड केला, तुम्ही पाचर थोडी बदललीत. जीप मला हवी होती त्याहून जरा खाली आली, तुम्हाला हवी होती त्याहून पुष्कळ वर राहिली. रिकामीही शांत, भरलेलीही शांत. जीप किती उंच असावी यावर आपलं कधीच एकमत झालं नाही. तो वाद तुम्ही बरोबर घेऊन गेलात, आणि मी अजून म्हणते की आणखी बोटभर वर चाललं असतं.

चावी द्यायच्या दिवशी यादवजी होते, चौकीदार होता, शेजारच्या मावशी होत्या. तुम्ही शेडच्या दारात उभे राहिलात, आणि तुमचा आवाज, तो शांत वगैरे आवाज, पार शहरातल्या ओमतीपर्यंत गेला असेल. "डॉक्टर साब, गाड़ी भी सच बोल रही थी और आप भी. हम बोरे लाद-लाद के उसका मुँह बंद कर रहे थे. पकड़ा हमारी इंजीनियर ने."

तोवर तुम्ही मला पोरी म्हणायचे, बहू म्हणायचे, चिडलात की मॅडम. इंजिनिअर कधीच नाही. घरातही नाही.

यादवजी टाळी वाजवून म्हणाले, "अरे वाह! फेल साहब खुद फेल हो गए!"

"हो गए," तुम्ही म्हणालात. "अपनी बहू के हाथ से हुए. तेरे घर में है कोई फेल करने वाला?"

नंतर हा किस्सा तुम्ही जबलपूरभर केलात. बड्या फुहाऱ्याला आपण आईसाठी साडी घ्यायला गेलो, तर तिथे साडीवाल्याला. जलेबीवाल्याला. माझ्या चुलतसासऱ्यांच्या साठीत, माइक हातात आला म्हणून सगळ्या पाहुण्यांना. दर वेळी पोती वाढत गेली. शेवटी शेवटी ती जीप होती की मालगाडी, असा प्रश्न पडावा. माणसं आपला विजय सांगत सुटतात. तुम्ही आपली हार सांगत सुटलात, आणि सांगताना छाती माझ्यामुळे फुगलेली असायची. मी मागे उभी राहून साडीच्या पदराशी चाळा करायची आणि आतून माझं काय होत होतं, ते आता सांगते.

त्याच उन्हाळ्यात मला पुण्याच्या एका कंपनीतून बोलावणं आलं होतं. चांगली जागा होती. निखिल म्हणाला, तू जा, मी बदली मागतो. तुम्हाला आम्ही सांगितलं नाही, कारण तुम्ही स्वतः माझी बॅग भरली असती. चावी दिली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी कंपनीला नकार कळवला. निखिलने कारण विचारलं तर मला नीट सांगता आलं नाही. म्हटलं, इथे काम आहे.

तुम्हाला मात्र वाटत राहिलं की मला कुठूनच बोलावणं येत नाही. तुम्ही मला मोबाइलवर नोकरीच्या जाहिराती पाठवत राहिलात. नाशिक, पुणे, पिथमपूर. एकदा तर विमानाच्या कारखान्यातली. खाली लिहायचे, "बघ. तुझ्यासारखी आहे." मी अंगठा पाठवून द्यायची आणि तुम्ही ज्या गाडीखाली असाल तिथे चहा घेऊन यायची. दवाखान्यात दाखल होण्याच्या सकाळीही एक पाठवली होती.

बाबा, पुण्यात मला टेबल मिळालं असतं, कदाचित मोठं. चांगली माणसंही भेटली असती. पण आपल्या उभ्या आयुष्याची पद्धत माझ्या शब्दावर रस्त्याच्या कडेला उतरवून ठेवणारा माणूस तिथे मिळाला असता का? त्यातली अर्धी पोती त्याने स्वतःच्या हाताने उतरवली असती का? मी जे शिकले ते खरं आहे, हे मला मार्कशीटने सांगितलं होतं. ते कामाचं आहे, हे तुमच्या मिटलेल्या डोळ्यांनी आणि त्या बाकाच्या दांडीवरच्या हाताने सांगितलं. एवढं मला त्या संध्याकाळी म्हणायचं होतं. नर्स थोडी उशिरा आली असती तर म्हटलं असतं.

तेराव्याला माझे वडील पांढुर्ण्याहून आले होते. जेवणं झाल्यावर ते शेडमध्ये जाऊन बसले. त्यांना पाहुण्यांत बसायला अवघडल्यासारखं होतं. यादवजी त्यांच्या शेजारी जाऊन बसले आणि त्यांनी तो किस्सा सांगितला, तुमच्यासारखाच हातवारे करून, पोती आणखी वाढवून. मी आतून ऐकत होते. वडिलांना हिंदी कळते. 

संध्याकाळी मी त्यांना बसवर सोडायला गेले. बस सुटायला वेळ होता.

"त्याईनं तुले इंजिनिअर म्हटलं?"

"हो."

"साऱ्यायच्या समोर?"

"हो, सगळ्यांसमोर."

ते बसमध्ये खिडकीशी जाऊन बसले. मग म्हणाले, "गावात लोक इचारतात, एवढं शिकवलं पोरीले, काय करते? म्या म्हणतो, जबलपूरले राहते. पुढचं मले माहीत नव्हतं."

"मग आता काय सांगाल?"

"सांगीन का," ते म्हणाले, आणि आपलीच मान हलवून घेतली, जसा धडा पाठ झाला की शाळेतला मुलगा हलवतो, "इंजिनिअर आहे. तिनं पास म्हटल्याबिगर गाडी रस्त्यावर जात नाही."